अकराला शटर वर

नियोजन कचेरीत त्याला सगळे मोजदादराव म्हणत. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे आकडे तपासले होते. पाच गावांनी मिळून विकासाचा आराखडा करायला घेतला, तेव्हा पहिल्याच बैठकीत फळ्यावर ‘सर्वांगीण उन्नती’ असं लिहिलं गेलं. शेवटच्या खुर्चीवरून तो म्हणाला, “उन्नती दारात आली तर ओळखायची कशी?”

सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, “मग तूच सांग बाबा.”

त्याने सांगितलं. चालू दुकानं मोजायची. चालू म्हणजे मोजणीच्या दिवशी सकाळी अकराला शटर वर. आपल्या गावात आज बासष्ट आहेत, तीन वर्षांत शंभर करायची. झाली तर पाचही गावांचं प्रशिक्षण केंद्र इथे, नाहीतर पुलापलीकडच्या गावात. कुणीतरी उन्नती पुसली आणि शंभर लिहिलं.

तीन वर्षांनी, शेवटच्या मोजणीच्या सकाळी, तो वही घेऊन निघाला. रस्ते झाडलेले, शटरं वर. चालता चालता तो रेघा ओढत गेला. थांबायची त्याच्या नियमात गरजच नव्हती. शेवटच्या गल्लीत नव्व्याण्णव झाली. टोकाला दादाचं लेथचं दुकान. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून हे टोक तो लांबूनच मोजत आला होता.

शटर वर होतं.

आत दिवा. लेथवर तेलाचा ताजा हात. खिळ्याला दादाचा एप्रन, खांद्यांचा आकार अजून धरून. मागे स्टुलावर वहिनी.

“या भाऊजी. सापडली का वाट?”

“दुकान चालू केलंत?”

“शटर रोज वर करते. बंद असलं की येता-जाता कुणीतरी खडा मारतं. आतून असा आवाज येतो, जणू हे ‘आलो’ म्हणतायत.”

“काम काय असतं?”

वहिनी हसली. “कुणाच्या दुकानात विचारलंत हे कधी? लिहा. माझं धरून शंभर भरतात म्हणे.”

“कोण म्हणे?”

“अध्यक्षांचा माणूस. काल घराघरांतून बंद दुकानांच्या किल्ल्या गोळा करत होता. कुलपांना तेल घालून गेला.”

तो आल्या वाटेने परतला. या वेळी प्रत्येक दारात थांबला. “कुणी आहे का?” कुठे माणूस होता. कुठे रिकामी मांडणी, दाराकडे तोंड केलेली एक खुर्ची, आणि त्याचाच प्रश्न भिंतीला लागून परत येई. तिथे तो रेघ खोडी. अठ्ठावन्न उरली. सुरुवातीपेक्षा चार कमी.

शेवटी तो पुन्हा वहिनीपाशी आला. “तुमचं धरलं नाही.”

“नका धरू,” वहिनी म्हणाली. “शटर मात्र वरच राहील.”

केंद्र पुलापलीकडे गेलं. कचेरीत त्याच्याशी कामापुरतंही कुणी बोलेना.

एका सकाळी अकराला तो गल्लीत आला. सगळी शटरं खाली, एकच वर. वहिनीने स्टूल पुढे सरकवलं. तो दादाच्या लेथसमोर बसला.

बाहेर कुणीतरी जाता जाता शेजारच्या शटरवर खडा मारला. आतून कुणी ‘आलो’ म्हटल्यासारखं झालं. मग पलीकडच्या शटरवर. मग त्याच्याही पलीकडे.

मोजदादराव मान खाली घालून मोजू लागला.