वेशीवरच्या काट्या

कागदावर गावाची सरपंच मी होते. जागा महिलेला सुटली म्हणून मालकांनी मला उभं केलं. निवडून आले त्या दिवशी गुलाल त्यांच्या अंगावर पडला, आणि मी आत पाहुण्यांच्या चहाला आधण ठेवत होते. पंचायतीत खुर्चीवर ते बसायचे. शिक्का त्यांच्या खिशात असायचा. सही लागली की घरी यायचे, मी पिठाचे हात पुसून सही करायचे. आमच्या फुलंब्री तालुक्यात ही काही नवलाई नाही, कुणाला त्याचं काही वाटतही नाही. मलाही वाटत नव्हतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. उलट लग्नाकार्यात कुणी 'सरपंचबाई, इकडं बसा' म्हटलं की मी मान ताठ करून बसायचे. खोटं कशाला बोलू?

तशी माझी जीभ लई चालते. घरात सुनेला, रानात गड्याला, कधीमधी मालकांनासुद्धा ती सोडत नाही. पण चार माणसांत मालक बोलायला लागले की माझ्या तोंडाला कुलूप. सासूनं मला तसं वळण लावलं आणि मी तेच सुनेला लावलं. त्याचा मला अभिमान होता, ही आणखी गंमत.

कोरोना आला आणि लॉकडाऊन लागलं. शहरातून रोज कुणी गेल्याची खबर यायची. मालक आणि गावातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं की शहरातलं माणूस आत घ्यायचं नाही, मग ते कुणाचंही असो. वेशीवर रस्त्याला आडव्या बाभळीच्या काट्या टाकल्या आणि पाळीपाळीनं पहारा लावला. मलाही ते बरोबरच वाटलं. घरात म्हातारी सासू होती, तिला दम्याचा त्रास. भीती कुणाला नव्हती?

अशात एक दिवस सकाळी भाभीची लेक वेशीवर आली. भाभी म्हणजे आमच्या गावची बांगडीवाली. माझ्या लग्नातला चुडा तिनं भरला, दोन्ही बाळंतपणांआधीच्या हिरव्या बांगड्या तिनंच भरल्या. तिची ही एकुलती एक लेक माझ्या अंगणात खेळून मोठी झालेली. तिचा नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, घरमालकानं खोली सोडायला लावली. पोरीचे दिवस भरत आलेले आणि शहरात कोणता दवाखाना घेईल याची खात्री नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही. म्हणून दोघं दुधाच्या टेम्पोत बसून आली, पुढचं चालत आली.

पहाऱ्यावरच्यांनी काटी हलवली नाही. शहरातली म्हणून अडवलं, असं सगळे म्हणत होते. पण त्या दिवसांत मोबाईलवर कुणाच्या नावानं काय काय फिरत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्याच आठवड्यात एका मोठ्या घरचा पोरगा पुण्याहून येऊन मागच्या पांदीच्या वाटेनं घरात शिरला होता, तेव्हा सगळ्यांचे डोळे बरोबर मिटले होते.

आरडाओरड ऐकून मीही वेशीवर गेले. पोरगी लिंबाखाली कंबर धरून बसली होती, नवरा बाजूला उभा. भाभी काट्यांच्या आतून तिच्याशी बोलत होती, पहाऱ्यावरचे भाभीला बाहेर जाऊ देत नव्हते. गेलीस तर परत येऊ नको, असं सांगितलेलं. मला बघून पोरगी धडपडत उठली आणि म्हणाली, "काकी, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही सरपंच आहात."

मी पदर सारखा केला, "बघते हं," म्हणाले आणि घरी आले. जेवताना मालकांपाशी विषय काढला. ते म्हणाले, तू मधी पडू नको. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मी स्वतः जेवले नाही, हे खरं. पण न जेवल्यानं पोरीचं काय भलं होणार होतं?

दुपार कलताना तहसीलदार मॅडमची जीप आली. कुणीतरी फोन केला होता. मला वाटलं आता पोलीस, दमदाटी, गुन्हे. तसं काहीच झालं नाही. मॅडमनी पोलिसांना जीपमध्येच बसवलं आणि एकट्या चालत आल्या. आधी लिंबाखाली गेल्या. पोरीला पाणी दिलं, कितवा महिना, पोटात दुखतंय का, सकाळपासून काही खाल्लं का, सगळं विचारलं. मग काट्यांपाशी येऊन आमच्याशी बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही भिताय यात तुमचं चुकत नाही, मीपण भिते. माझी लेक आजीकडं ठेवलीय, रस्त्यावरूनच तिला बघते आणि परत फिरते. शाळेची खोली उघडून देऊ, दोघं तिथंच वेगळी राहतील, नर्सबाई येऊन बघून जाईल. मग त्यांनी विचारलं, "सरपंच कोण आहेत?"

मालक पुढं झाले, म्हणाले, बोला मॅडम, मीच.

मॅडमनी त्यांना हात जोडले आणि बायांच्या घोळक्याकडं बघितलं. बायांनी मला पुढं ढकललं. मॅडम म्हणाल्या, "ताई, मला हुकूम काढता येतो. पण पोरीला राहायचंय तुमच्यात. तुम्ही हो म्हणा, म्हणजे गाव म्हणेल."

किती सोपं होतं. हो म्हणायचं होतं. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं, पोरगी बघत होती, भाभी बघत होती. मालक माझ्याकडं बघत नव्हते, ते जमिनीकडं बघत होते. आज वाटतं, मी हो म्हटलं असतं तर त्यांनाही सुटल्यासारखंच झालं असतं. पण माझी दातखीळ बसली. मॅडम थांबल्या. शेवटी मी म्हणाले, "हे म्हणतील तसं."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी घरी येऊन त्यांना चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. त्या पोरीकडं वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, गावावर राग धरू नको. त्यांनी तुला माझ्या परवानगीसाठी थांबवलं होतं. सरपंचबाईंनीच मला फोन करून बोलावलं. उशीर माझ्याकडून झाला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो फोन मी केला नव्हता, हे मालकांना माहीत, बायांना माहीत, आणि मॅडमना तर माहीतच. पहाऱ्यावरच्यांनीच काट्या ओढून बाजूला केल्या, जणू त्याच कामाला बसले होते. संध्याकाळी शाळेत दोघांना कुणाकडून दूध गेलं, कुणाकडून बाज गेली. मीही पिठलं-भाकरी पाठवली. चांगलं म्हटल्यावर चांगलं वागावं लागतं, दुसरं काय! पोरगी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली.

त्यानंतर दर ईदला ती शीरखुर्म्याची पहिली वाटी माझ्या घरी आणायची. काकी, तुम्ही फोन केला म्हणून, असं म्हणायची. आणि मी ती वाटी घ्यायचे. दरवर्षी. खायचे, चांगला झालाय म्हणायचे, आणि ती गेल्यावर दिवसभर घरात सगळ्यांवर डाफरायचे. मालक विचारायचे, ईद त्यांची, मग तुला काय होतंय?

यंदा माझ्यानं राहवलं नाही. माझं सरपंचपद केव्हाच गेलं होतं, मालकांची खुर्चीही गेली होती, झाकायला काही उरलं नव्हतं. ती वाटी ठेवून बसली तसं मी सांगून टाकलं, की बाई, तो फोन मी केलाच नव्हता. मॅडम खोटं बोलल्या.

ती जराही दचकली नाही. म्हणाली, "मला माहीत आहे, काकी. फोन अम्मीनं केला होता, माझ्यासमोरच."

मग दरवर्षी असं का म्हणतेस, हे विचारताना माझा आवाज फाटला.

"शाळेत सोडून जाताना मॅडम मला हळूच म्हणाल्या होत्या, की तुझी अम्मी इथं एकटी राहते, तुझं येणंजाणं राहणार. तूही असंच सांगत जा. म्हणून सांगते," ती म्हणाली. "खा ना, गार होतंय."

मी वाटी हातात घेतली. पण तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.