पाठीवरची बॅटरी

शाहिस्ता गेल्याचा फोन तिच्या भावाने केला, तेव्हा मी अकोल्याच्या महाविद्यालयात मुलांचं प्रात्यक्षिक घेत होते. "आपा गेली," एवढंच तो बोलला... हातातली परीक्षानळी मी कुठे ठेवली, ते अजून आठवत नाही.

मूर्तिजापूरच्या एका शेतकऱ्याच्या लेकीबरोबर, शाहिस्ताबरोबर, मी अमरावतीला संशोधन केलं. लिथियम-आयन बॅटरीतल्या द्रवात एक क्षार विरघळवलेला असतो. त्याला ओलावा आणि उष्णता मिळाली की आम्ल तयार होतं, आणि ते कॅथोडमधलं, म्हणजे धन टोकातलं मँगनीज हळूहळू खाऊन टाकतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर बॅटरी लवकरच मान टाकते. शाहिस्ताने त्या क्षाराऐवजी बोरॉनचा क्षार वापरून पाहिला. कॅथोड टिकला. पाठीवर बांधायचे फवारणीचे पंप बनवणारा एक उद्योजक ती बॅटरी घ्यायला तयार झाला. कापसाने सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. आमच्या विभागात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

तो करार करायला येणार होता त्या सकाळी शाहिस्ता ओव्हनसमोर खिळून उभी दिसली. आत चाचणीसाठी तापत ठेवलेली एक बॅटरी फुगली होती. बोरॉनच्या क्षारातून वायू सुटत होता. मी दार उघडायला गेले, तसं तिने माझं मनगट घट्ट धरलं. तिने बटण बंद केलं आणि आम्ही दोघी काचेतून बघत राहिलो... शेजारचीही फुगत होती.

आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, आज चांगल्या तेवढ्या दाखवू, बाकीचं नंतर निस्तरू. त्यांचीही कित्येक वर्षांची मेहनत पणाला लागली होती. पाहुणे आले, चहा झाला, सर बोलू लागले. तेवढ्यात शाहिस्ताने गार झालेली ती फुगलेली बॅटरी आणून टेबलावर ठेवली.

"हे माणसाच्या पाठीवर बांधाचं हाय, सर. माह्या अब्बाच्या पाठीवर मी हे बांधू देणार नाई."

करार झाला नाही. सर पुढे कित्येक महिने तिच्याशी कामापुरतंच बोलत. पैशांसाठी ती सकाळी शिकवण्या घेई आणि पुढे आजारी पडल्यावरही दुपारी प्रयोगशाळेत येई. शेवटी दोन्ही क्षार मिसळून तिने तोल साधला. मँगनीज टिकलं, फुगणंही थांबलं. ते बघायला सर आले आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. तोवर तिचा आजार मात्र बळावला होता.

बॅटरी चार्ज होताना तापमापक समोर असला, तरी शाहिस्ता हाताची मागची बाजू बॅटरीला लावून बघायची, आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तशी. परवा इथल्या प्रयोगशाळेत माझा हात आपोआप तसाच पुढे गेला. बॅटरी गार होती... तरी मी बराच वेळ हात काढला नाही.