सासूबाईंना कळता कामा नये

वकिलाच्या ऑफिसात फाईल निकाली निघाली की दोरीने बांधून माळ्यावर जाते. किस्सा काही माळ्यावर जात नाही. तो इथेच टेबलाखाली मुक्काम ठोकतो आणि चहाच्या वेळी वर येतो. नौपाड्यात जोगळेकर मॅडमकडे मी बावीस वर्षं आहे. टायपिस्ट, क्लार्क, आणि पंखा बिघडला तर इलेक्ट्रिशियन. डोंबिवलीतले मित्र म्हणतात, घटस्फोटाचे किस्से सांग. अरे, घटस्फोटात सगळे एकसारखंच बोलतात. माझ्याकडची सगळ्यात भारी फाईल आहे गर्भनिरोधक इंजेक्शनची. हसू नका. मीही आधी हसलेलो, मग बायकोनेच माझी हजेरी घेतली. ते पुढे येईलच.

*

वैशाली पहिल्यांदा आली ती बाजार उरकून. बाळकुमची कोळीण, तिशीतली, मासळी विकणारी. खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून मॅडमना म्हणाली, "हे जरा बाहेर जातील का?"

मॅडम म्हणाल्या, "ते बाहेर गेले तर टाईप कोण करणार? त्यांना पुरुष समजू नका, स्टाफ समजा."

बावीस वर्षांच्या सेवेचं हे सर्टिफिकेट!

मग ती बोलली. दोन मुली झाल्यावर तिने आणि नवऱ्याने ठरवलं, आता बस. गावात कुणी बघायला नको म्हणून ती दर तीन महिन्यांनी दिव्याला एका खासगी दवाखान्यात जाऊन पाळणा लांबवायचं इंजेक्शन घ्यायची. त्याने काय काय होऊ शकतं, हे तिला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. आधी डोकं दुखायचं. मग अंगावरून जायला लागलं ते महिना महिना थांबेना. विचारलं की उत्तर एकच, "असं होतंच," आणि पुढचं इंजेक्शन. शेवटी एक दिवस भर बाजारात, गिऱ्हाईकासमोर, ती आडवी झाली. रक्ताच्या बाटल्या चढवायला लागल्या. आता ओझं उचलवत नाही, बाजारातली जागाही गेल्यात जमा.

"दावा करू," मॅडम म्हणाल्या. "दवाखान्यावर आणि औषध कंपनीवर, दोघांवर."

"करा. पण सासूबाईंना कळता कामा नये. त्या चार वर्षं नातवाची वाट बघतायत. मीच बंद करून बसलेय हे कळलं तर त्या घरात मला कोण उभं करील?"

कोर्टात उघड दावा करायचा, आणि घरात मात्र कुणाला कळू द्यायचं नाही. असला पक्षकार आमच्याकडे कधी आला नव्हता.

*

पुरावा म्हणून तिने दवाखान्याचं कार्ड आणलं. तारखा, शिक्के, सगळं व्यवस्थित. फक्त वर नाव होतं सुनीता.

"ही सुनीता कोण?" मॅडमनी विचारलं.

"माझी नणंद."

"तिचं नाव कशाला दिलंत?"

"खरं नाव द्यायचं नव्हतं, आणि ऐनवेळी दुसरं सुचलंच नाही हो."

झालं. म्हणजे कागदोपत्री इंजेक्शनं घेतली सासूबाईंच्या लेकीने! आता "ती मी नव्हेच" असं त्या लेकीकडून लिहून घेणं आलं. नणंद बदलापूरला शाळेत शिक्षिका. वैशालीने हातापाया पडून तिला आणली. आम्हाला वाटलं, आता आकांडतांडव होणार. बाईंनी चष्मा लावला, कार्ड नीट वाचलं, आणि वहिनीकडे वळल्या.

"नाव घेतलंस ते घेतलंस. पण वय अडतीस का लिहिलंस गं? मी चौतीसची आहे."

वैशालीने कान पकडले. बाईंनी सही केली, आणि आईला सांगणार नाही असं कबूलही केलं. जाताना मला मात्र दोनदा बजावून गेल्या, की प्रतिज्ञापत्रात वय नीट टाका.

*

आता माझी फजिती. ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा मराठीत करायचा होता. मी संस्कारी माणूस. जिथे जिथे तो विषय आला तिथे तिथे मी टाईप केलं, "स्त्रियांचा त्रास". पहिल्या पानावर स्त्रियांचा त्रास, दुसऱ्या पानावर स्त्रियांचा त्रास वाढला, तिसऱ्यावर स्त्रियांच्या त्रासाने अर्जदार बाजारात पडली.

मॅडमनी वाचलं. "वाघमारे, स्त्रियांचा त्रास म्हणजे तुमच्या दृष्टीने मीसुद्धा असेन. रक्तस्राव लिहा. तुमच्या टायपिंगमध्ये रक्तस्राव झाला नाही, तर आयोगासमोर तो झालाच नाही."

लिहिला. सतरा ठिकाणी. घरी जेवताना बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला, मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांत हा शब्द तू आज पहिल्यांदा तोंडातून काढलास."

मग वाढता वाढता तिने सहज सांगितलं, की धाकटीनंतर तिने तांबी बसवली होती, आणि तीन वर्षं दर महिन्याला पोटात इतकं दुखायचं की ती ओट्याला धरून उभी राहायची. मी विचारलं, मला का नाही बोललीस? म्हणाली, "तू पेपर वाचत असायचास."

मला खरंच लाज वाटली. भात कसाबसा संपवला आणि त्या दिवशी ताटं मी घासली.

*

नवरा एकदाच आला. टँकर चालवतो, दिव्याच्या सोसायट्यांना पाणी पोचवतो. दंड बघितलेत तर माझी मांडी तेवढी. मॅडमनी विचारलं, "इंजेक्शनचं तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो मॅडम. दोघांनी मिळून ठरवलेलं."

"मग आईला तुम्हीच सांगून टाका. आज ना उद्या कळणारच आहे."

तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळला. मग अगदी आशेने म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिला एक नोटीस पाठवता का?"

*

आणि नोटीस जवळजवळ गेलीच, माझ्या कृपेने. समोरच्यांचं उत्तर आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर यायला हवं होतं. मी सवयीने अर्जदाराचा घरचा पत्ता टाकून दिला. रजिस्टर्ड पाकीट थेट बाळकुमला. घरी सासूबाई एकट्या. त्यांनी अंगठा देऊन घेतलं.

वैशालीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. मॅडम माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत, चहासुद्धा स्वतः केला. दुसऱ्या दिवशी वैशाली तेच पाकीट घेऊन आली. न फोडलेलं, वर हळदकुंकू लावलेलं.

"सरकारी कागद आहे म्हणून देवापुढे ठेवलेलं. काही विचारलं नाही, माझ्या हातात दिलं नि म्हणाल्या, तुझं हाय, तू बघ."

मी त्या बदल्यात शनिवारचा उपास धरला. अजून चालू आहे.

*

समोरचे वकील तरुण, इस्त्रीचे, बोलायला गोड. त्यांनी एकच मुद्दा लावून धरला. बाजारात पडली त्या दिवसाचे हॉस्पिटलचे कागद आहेत, कबूल. पण त्याआधी दोन वर्षं रक्तस्राव होत होता, याला पुरावा काय? नवरा काय, बायकोच्या बाजूनेच बोलणार.

मुद्दा बिनतोड होता. मॅडमनी वैशालीला बोलावून स्पष्ट सांगितलं, "घरातलं दुसरं कुणीतरी लागेल. नाहीतर इथेच थांबावं लागेल." घरात दुसरं कोण होतं हे तिघांनाही माहीत होतं. वैशालीने पदर खोचला. मग उठली आणि म्हणाली, "सांगते. काय व्हायचं ते होऊ दे."

पुढच्या तारखेला सासूबाई आल्या. सत्तरीच्या, कोळी पद्धतीचं लुगडं, अंबाड्यात अबोली, काखेत रबर लावलेली गुंडाळी. वैशाली चार पावलं मागे. घरी काय बोलणं झालं ते तिने आम्हाला सांगितलं नाही, आणि तिचा चेहरा बघून आम्ही विचारलं नाही.

गुंडाळीत तीन वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं होती. त्यावर काजळाच्या टिकल्या. कुठे चार, कुठे सलग महिनाभर.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "आजी, या खुणा कसल्या?"

"घरान देव हाय. सुनेनं कवा शिवायचं, नैवेद्य कुनी करायचा, ह्ये बघाया नको? ती बाजूला असली का मी टिकली देते. लग्नाच्या सालापासून."

वकिलांनी पानं उलटली. टिकल्या मोजायला लागले, मग मोजायचं सोडून दिलं. दोन वर्षांचा पुरावा भिंतीवर टांगलेला होता, आणि आम्ही तो कागदपत्रांत शोधत होतो.

पण ते कच्चे नव्हते. गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे सून इंजेक्शन घेते हे तुम्हाला आत्ता, या केससाठी सांगितलं. हो ना?"

"नाय. मना पयल्यापासून ठावं व्हतं."

वैशालीने मान वर केली. मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

"ते कसं?"

"तीन म्हयन्याची सुई गावान समद्या बायांना ठावी हाय. ही दर तीन म्हयन्यानी सांगायची, दिव्याला मावशीकडं जाते. तिची मावशी मेली तवा मीच गेलती मातीला."

आयोगाचे अध्यक्षसुद्धा हसले. वकील मात्र हसले नाहीत, त्यांना फट सापडली होती. "आजी, तुम्हाला नातू हवा होता. सून तुमच्यापासून लपवून इंजेक्शन घेते हे माहीत होतं. आणि चार वर्षं तुम्ही तिला एका शब्दाने विचारलं नाही? हे कोण खरं मानेल?"

म्हातारीने कॅलेंडरं परत गुंडाळली, रबर लावलं.

"सात बाळतपनं झाली मना, साहेब. बस म्हनायची सोय नव्हती. मना बी सासू व्हती."