केसवालीची पोर

"हे गंगावन कुठून आणलंस गं?"

माझ्या वर्गातल्या सोनलच्या मम्मीचा हात माझ्या अंबाड्यावर थांबला. शाळेच्या गॅदरिंगचा दिवस. कोळी नाचातल्या आम्ही मुली सातवीच्या वर्गात बाकांवर बसलेल्या, आणि ती आम्हाला गजरे माळत होती. मोठ्या साहेबाची बायको. आमच्या बाईसुद्धा तिच्याशी हळू आवाजात बोलायच्या.

"आईनं केलंय," मी म्हणाले.

"कोण तुझी आई?"

सोनलच बोलली. "मम्मी, अगं ती केसवाली येते ना? तिची मुलगी आहे ही."

आई केसवाली होती. नाशिकरोडच्या कॉलन्यांमधून "केसांवर पिना, केसांवर फुगेऽऽ" ओरडत फिरायची. विंचरताना निघालेले केस बायका पिशवीत साठवायच्या. ते गुंते आई घ्यायची, बदल्यात पिना, फुगे, कधी स्टीलची वाटी द्यायची. घरी आणून धुवायची. खिळे ठोकलेल्या फळीवरून ओढून सरळ करायची. काळ्या दोऱ्यात गुंफायची. झालं गंगावन, म्हणजे केसांत मिसळायची खोटी वेणी. आमच्या जातीतल्या बायका हेच करत आल्या. जातीचं नाव इथे लिहीत नाही. शाळेत ते शिवी म्हणून वापरायचे, तेवढं पुरे.

आणि अशा बाईच्या पोटी मी. केस इतके बारीक आणि मऊ की वेणी करंगळीएवढी. पिन लावली की घसरलीच. नाचात माझं नाव आलं तेव्हा आईनं गंगावन करायला घेतलं. जाड केसांचं केलं असतं तर लगेच झालं असतं. पण पातळ केसांत जाड केस उठून दिसतात, म्हणून ती माझ्यासारखे बारीक केस मिळेपर्यंत थांबली. तसे केस एकाच घरी मिळायचे. त्या घरची मुलगी माझ्या वर्गात आहे, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सोनलच्या मम्मीनं गंगावन ओढून काढलं. पिनांबरोबर माझेही केस तुटले. तिनं ते दोन बोटांत धरून उजेडात नेलं. मेंदीनं लालसर झालेले केस.

"अगं, हे तर माझे केस! शी! माझ्या कचऱ्यातले केस डोक्यात घालून आली ही!"

मुली हसल्या. बाईही हसल्या. गंगावन केराच्या टोपलीत गेलं. बाई म्हणाल्या, "रुमाल बांध आणि मागच्या ओळीत उभी राहा."

मी बांधला. उभी राहिले. नाचलेसुद्धा. हसत नाचायचं, असं बाईंनी शिकवलं होतं, म्हणून हसले. ते हसू आठवलं की अजून कान तापतात.

आई मांडवाबाहेर, पाण्याच्या नळापाशी उभी राहून बघत होती. नाच संपल्यावर जवळ आली. "रुमाल का गं बांधला? गंगावन कुठं हाय?"

"हरवलं."

"जाऊ दे. दुसरं करू की. लय केस हाईत."

"नको मला," मी ओरडले. "तुझं काहीच नको." मैत्रिणी ऐकत होत्या. त्या दिवशी आई माझ्या चार पावलं मागून घरी आली. मला तिची लाज वाटली होती. ज्यांची वाटायला हवी होती त्यांची वाटलीच नाही.

दहावीनंतर मी कॉलेज रोडच्या एका पार्लरमध्ये लागले. आधी झाडू-पुसणं, मग हळूहळू हातात कंगवा आला. बारीक केसांची बाई आली की मॅडम मलाच हाक मारायच्या. असे केस त्याच दिवशी धुतले तर हातात थांबत नाहीत, आदल्या दिवशी धुवायचे. तेल नाही. टोकांकडून विंचरत वर यायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझंच डोकं मला पुरेसं होतं.

मॅडमना गंगावनं लागायची. ती आणायची माझी आई. मागच्या दारानं यायची, बाथरूमशेजारी उभी राहायची. मॅडम गिऱ्हाइकांना सांगायच्या, "मुंबईहून मागवतो."

पहिल्यांदा आली तेव्हा मी एका बाईचे केस धरून उभी होते. आईनं मला पाहिलं. माझा चेहरा पाहिला. त्यात काय दिसलं कोण जाणे. पिशवी पुढे करत म्हणाली, "ताई, माल आणलाय."

ताई. पोटच्या पोरीला. आणि मी ती पिशवी घेतली. पुढची काही वर्षं ती मला ताई म्हणत राहिली आणि मी तिला ओळख दाखवली नाही. घरी गेल्यावर आम्ही दोघी त्याबद्दल बोलायचो नाही. भाकरी वाढताना ती खाली बघायची, मीही.

मग लग्नसराईतला तो दिवस. खुर्चीत नवरी, माझ्यासारखेच पातळ केस. शेजारी तिची मावशी, मुहूर्ताची घाई. अंबाडा सारखा सुटत होता. मी गंगावन वरून ओढून बांधलं तशी नवरी कळवळली. मागच्या दारातून आवाज आला.

"ताई, खालून बांध. बारीक केस वरून ओढले का मुळं दुखत्यात."

मावशी वळली. "तुला कुणी विचारलं? मॅडम, असल्या लोकांना आत कशाला घेता? उवा पडतील नवरीच्या डोक्यात."

आईनं हात जोडले. मावशीला नाही, मला. "चुकलं ताई."

सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे आला. टोपली, रुमाल, सगळं. मी मावशीकडे वळले.

"ती माझी आई आहे. नवरीच्या डोक्यावरचं गंगावन तिनं केलंय. नको असेल तर आत्ता काढते."

मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप्प काम कर."

मी कंगवा ठेवला. कोपऱ्यातली गिऱ्हाइकांची खुर्ची ओढून आणली. "आई, इथं बस. तू बसल्याशिवाय पिन लावणार नाही."

"नको ताई, जाते मी."

"ताई म्हणू नको. बस."

मावशीनं घड्याळ बघितलं. "बसू द्या बाई तिला, उशीर होतोय!" आई टोकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी गंगावन सोडलं, ती म्हणाली तसं खालून बांधलं. अंबाडा बसला. नवरी तेच केस माळून लग्नाला गेली. मॅडमनी मला त्याच दिवशी काढलं.

आता नाशिकरोडला माझं छोटं पार्लर आहे. भिंतीवर आईनं केलेली गंगावनं टांगली आहेत. माझे केस मानेपर्यंत कापलेले, भांगात डोकं दिसतं, दिसू दे. रुमाल मी पुन्हा बांधला नाही. कुणी विचारलं, "केस कुणाचे?" तर सांगते, "बायकांचे. माझ्या आईनं दारोदार फिरून आणलेले. चालत असेल तर बसा." काही जणी उठून जातात. मी त्यांना अडवत नाही.

आई माल घेऊन पुढच्या दारानं येते. पण खुर्चीत एखादी भारी साडीतली बाई दिसली की अजून तिच्या तोंडून निघतंच, "ताई, माल आणलाय." तेव्हा मी हात थांबवते. अर्धे केस पिनेत, अर्धे मोकळे, बाई आरशातून बघत असते.

"आई, माझं नाव घे," मी सगळ्यांदेखत म्हणते. ती नाव घेईपर्यंत कंगवा उचलत नाही. खुर्चीत कुणीही बसलेलं असो.