नुल्लोचा कान

इटलीतल्या फाएन्झा गावात कार्बोरेटर लावावा तो नुल्लो झाउलीनेच, असं जो तो म्हणे. वय सदुसष्ट. जुन्या गाडीचं इंजिन तापलं की तो त्यावर ओणवा होई, डोळे मिटून ऐके आणि बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवी. मापाचं यंत्र त्याने कधी घेतलंच नाही.

ईस्टरनंतर त्याचा डावा कान बंद झाला आणि उजव्यात सतत शिट्टी वाजू लागली. त्याची बायको देर्ना, तिलाही तो बोलला नाही. अंदाजाने काम रेटत राहिला. मग एका गुरुवारी त्याने लावलेली गाडी रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. लोकांनी ती ढकलून बाहेर काढली आणि मागून आगगाडी धडधडत गेली. "जुनं धूड, चालायचंच!" म्हणून मालक हसला. नुल्लोला मात्र कारण ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्याचा डोळ्याला डोळा लागेना.

शनिवारी सकाळी तोस्का मिंगुत्सी आली. सत्तरीची बाई, नवऱ्यामागे त्याची निळी जुनी गाडी स्वतः चालवायची. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन घाटातून फ्लॉरेन्सला निघणार होती.

"वळणावर वेग कमी केला की इंजिन बंद पडतं हो," ती मोठ्याने म्हणाली.

नुल्लोने इंजिन चालू केलं. पंखा फिरताना दिसला. ऐकू आली ती फक्त शिट्टी. त्याने मडगार्डवर तळवा टेकवला, पण नुसत्या थरथरीवरून काही कळेना. दरीकडेचं वळण, मागे बसलेली पोर त्याच्या डोळ्यांसमोर आली. तोस्काने खांद्याला हात लावला तसा तो केवढ्याने दचकला.

"बाई, मला ऐकू येत नाही."

"ते मघाशीच कळलं," ती त्याच्या उजव्या कानाशी ओरडली. "तीनदा घंटा वाजवली, शेवटी तुमचा कुत्रा आला बघायला."

"हसू नका. गुरुवारी एक माणूस मरता मरता वाचला. चूक माझी होती."

तोस्काने पर्स खाली ठेवली आणि कान इंजिनाकडे नेला. "फिरवा तुम्ही. मी ओरडून सांगते." त्याने स्क्रू पाव फेरा आवळला.

"आता?"

"धापा टाकतंय!"

त्याने स्क्रू सैल केला. "आता?"

"जड झालं! अडखळतंय!"

त्याने स्क्रू पुन्हा केसभर आत फिरवला.

"थांबा! एकसारखं चाललंय. हात लावू नका आता!"

त्याने तिला तीनदा ऐकायला लावलं, तरी बॉनेट बंद करायला तो धजेना. शेवटी तिनेच ते बंद केलं आणि गाडी नेली.

रविवारी सकाळी त्याने देर्नाला सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते होय!" ती कडाडली आणि तोस्का पोचल्याचा फोन येईल म्हणून फोनपाशी जाऊन बसली. तो दारातून हलला नाही. दुपारी तिने फोन उचलला, मग त्याच्यासमोर येऊन सावकाश म्हणाली, "पोचल्या. एकदाही बंद पडली नाही." तेव्हा कुठे नुल्लो दारातून बाजूला झाला.

डावा कान गेला तो गेलाच. उजव्याला ऐकण्याचं यंत्र लागलं. पुढे चार वर्षं त्याने काम केलं, पण दुसऱ्या कुणी ऐकल्याशिवाय एकही गाडी दाराबाहेर सोडली नाही.