एक्याऐंशी दिवे

समोरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेल्या वर्षी एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. सुनांनी त्यांना एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, तो उजेड आमच्या खिडकीतून दिसत होता. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या माझ्या आईला आजोबा म्हणाले, "तुम्ही माणसं काटक. तुम्हाला कशाला काय होतंय!"

माझे वडील गटारं साफ करायचे. ते बेचाळिसाव्या वर्षी खोकून खोकून गेले. काकाने पन्नाशी पाहिली नाही. चंद्र आमच्या गल्लीवरही उगवतो, पण हजार पौर्णिमा मोजायला माणूस उरावा लागतो.

हल्ली मी आईची एकही गोळी चुकू देत नाही. शेजारी म्हणतात, किती माया. मायेइतकाच त्यात सूड आहे. तिच्या एक्याऐंशीला मी तोच हॉल घेणार, आणि ओवाळायला पहिलं बोलावणं त्याच सुनांना धाडणार.