वाळवंटातल्या काकऱ्या

माझ्या वडिलांना कुणी विचारलं, धाकटा काय करतो, तर ते सांगायचे, "दुबईला असतो. लोकास्नी हिंडीवतो." 'हिंडीवतो' हा शब्द ते अशा काही सुरात टाकायचे की विचारणारा गप बसायचा. आमच्या जत भागात हिंडणं हे काम नव्हे. मेंढरं हिंडतात, नाहीतर ज्याचं घरात बूड टेकत नाही असा माणूस हिंडतो. माझा भाऊ पर्यटकांना गाडीतून वाळवंटात नेतो, चार चाकांच्या मोटारसायकली चालवायला शिकवतो, सगळ्यांना धडधाकट परत आणतो, आणि हे तो पंधरा वर्षं करतोय. वडिलांच्या लेखी मात्र तो नुसता हिंडत होता.

दोघांत भांडण नव्हतं. असतं तर मी मिटवलं असतं, मला ते जमतं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, फोनवर त्याला पाऊसपाणी सांगायचे, जेवलास का विचारायचे. कामाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. शेत टाकून गेलेल्या पोराला आणखी काय विचारायचं, असा त्यांचा हिशेब असावा. भावाला ते लागायचं. एकदा तो मला फोनवर म्हणाला, "आक्का, आप्पास्नी एकदा माझ्या गाडीत बसवायचं हाय. मी काय करतो ते डोळ्यांनी बघूंदेत. मग काय म्हणायचं ते म्हणूंदेत." एवढीच त्याची इच्छा. पंधरा वर्षांत त्यानं माझ्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

म्हणून गेल्या डिसेंबरात मी आप्पांना घेऊन दुबईला गेले. आई आली नाही. "माझ्या शेरडांकडं कोण बघायचं?" एवढं म्हणून तिनं विषय संपवला. माझ्या नवऱ्यानं उंब्रजच्या घरची आघाडी सांभाळली आणि मी शाळेत रजेचा अर्ज टाकला. मी भूगोल शिकवते. वाळवंट हा धडा वीस-बावीस वर्षं शिकवलाय, आणि माणदेशापलीकडं कोरडं असं काही पाहिलेलं नाही, हे पोरांना कधी कळू दिलं नाही.

पहिले सहा दिवस उंच इमारती आणि दुकानं बघण्यात गेले. आप्पा सगळीकडं हाताची घडी घालून उभे. शंभराव्या की कितव्या मजल्यावरून खालचं शहर बघून त्यांनी विचारलं, "उतरायचं कवा?" भाऊ रोज रात्री ठरवायचा, आज बोलतो, आणि रोज जेवून गप झोपायचा. शेवटी सातव्या दिवशी मीच सकाळी जेवताना सांगून टाकलं, की आज दुपारी आपण वाळवंटात जायचं आहे. भावानं तिथूनच मालकाला फोन लावून दुपारची गाडी मागून घेतली. आप्पा म्हणाले, "चला. हिंडून यिऊ."

भावानं ताटावरून मान वर केली नाही. मला आप्पांचा असा राग आला की मी भात वाढताना पळी आपटली.

शहर सुटल्यावर तासाभरानं डांबरी रस्ता संपला आणि भावानं गाडी थांबवून चाकांची हवा सोडायला सुरुवात केली. आप्पा खाली उतरून बघत राहिले. म्हणाले, "पंचर हाय का?"

"न्हाई आप्पा. फुगल्यालं चाक वाळूत रुततं. हवा कमी केली की चपटं हुतं, मग वरनं चालतं. उंटाचा पाय कसा पसरतो, तसं."

आप्पांनी चाकाला लाथ घालून पाहिलं आणि परत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल मी शाळेत सगळ्यांना हसत सांगते, पण तेव्हा मी हसत नव्हते. गाडी वाळूच्या टेकडीवर नाक वर करून चढायची. समोर काचेत फक्त आभाळ. मग माथा यायचा, आणि पलीकडं जमीनच नसायची. आपण सरळ खाली. मी ठाऊक असलेल्या सगळ्या देवांची नावं घेतली, काहींची दोनदा. आप्पा समोरचा दांडा धरून बसले होते. भाऊ दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवत होता, आमच्याकडं बायका जात्याचा खुंटा फिरवतात इतक्या सहज.

एका उंच माथ्यावर त्यानं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

मी काय सांगू. पुस्तकातलं वाळवंट अर्ध्या पानाचं असतं आणि त्यात एक उंट असतो. इथं पान संपतच नव्हतं. तांबूस वाळू, तिच्या मागं वाळू, तिच्यामागं आणखी, आणि शेवटी आभाळ कुठं सुरू होतं ते नीट कळत नव्हतं. झाड नाही, खांब नाही, घर नाही. आवाज नाही. आमच्या माळावरही शांतता असते, पण तिथं कुठूनतरी घुंगुर, पंप, कुत्रं असं काहीतरी ऐकू येतं. इथं मला माझ्या कानांतलं रक्त ऐकू येत होतं. मी मोठी वटवटी बाई आहे, वर्गातही आणि घरातही. त्या माथ्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही, आणि बोलावंसंही वाटलं नाही.

आप्पांना आश्चर्य वाटलं की ते कानडीवर जातात. सीमेवरच्या माणसांची तशी सवय असते. "अब्बब्बा," ते हळूच म्हणाले, "एष्ट ऐति." म्हणजे, केवढं आहे हे.

भावानं गाडी सुरू केली आणि उजवीकडच्या उतारावर वळवायला घेतली. तो उतार कोरा होता, कुणाचं चाक न लागलेला. तेवढ्यात आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब, थांब. तकडं नगं घालूस. पेरल्यालं हाय."

मी बघितलं. उतारभर बारीक, सारख्या अंतराच्या रेघा होत्या. एकीला लागून दुसरी, कुठं जराशा वळलेल्या, पण एकमेकींना न सोडणाऱ्या. कुरीनं ज्वारी पेरल्यावर रानात औताच्या ओळी, काकऱ्या दिसतात, हुबेहूब तशा. वाऱ्यानं वाळूवर उमटवलेल्या या रेघांना पुस्तकात ऊर्मिचिन्हं म्हणतात. मी दरवर्षी फळ्यावर त्यांची आकृती काढते. पण डोळ्यांसमोर असून मला त्या ओळखू आल्या नव्हत्या. आप्पांना निदान काहीतरी ओळखू आलं होतं.

तरी मीच हसले. मोठ्यानं हसले. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

भाऊ हसला नाही. त्यानं गाडी बंद केली आणि म्हणाला, "आप्पा, वाऱ्यानं आल्यात त्या. रोज सकाळी नव्या असत्यात. चला, दाखवतो."

आप्पा उतरले. उताराच्या कडेला त्यांनी चपला काढून ठेवल्या. पेरलेल्या रानात ते कधी चपला घालून जात नाहीत. कुणी पेरलं नाही हे सांगितल्यावरही त्यांनी काढल्या. अनवाणी चार पावलं गेले, वाकले आणि ओल बघायला हातानं उकरायला लागले. वरची वाळू कोमट होती. मनगटापर्यंत हात गेला, मग कोपरापर्यंत. आम्ही दोघं भावंडं बाजूला उभी. मला उगाच वाटत होतं की आता खाली काहीतरी लागेल.

"थंड हाय," आप्पा म्हणाले. "वल न्हाई." मग तसेच बसून त्यांनी चारी दिशांना बघितलं. "एवढं रान, आन कुटंच वल न्हाई." त्यांचा आवाज मला नवा होता. आयुष्यभर मुरमाड सहा एकरांत पावसाकडं डोळे लावून बसलेला हा माणूस, त्याला वाटत असणार की आपल्याइतकं कोरडं जगात कुणी नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. देवळात गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर ते असेच दिसतात.

लांबवर दोन टेकड्यांच्या खोबणीत, माथ्यावरून मला न दिसलेलं, एकच हिरवं झाड होतं. आप्पांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. "सौंदड हाय ती," ते म्हणाले. मी म्हटलं, आवं आप्पा, दसऱ्याची शमी इथं कशाला असेल. भाऊ म्हणाला, "तीच हाय आक्का. हितं घाफ म्हणत्यात. मुळ्या लय खोल जात्यात." भूगोलाच्या बाईंनी त्यानंतर तोंड मिटलं.

त्या झाडाच्या अलीकडं, टेकडीआड, क्वाड बाईकचा, म्हणजे त्या चार चाकांच्या मोटारसायकलींचा, तळ होता. कुंपणाच्या आत दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. भाऊ तिथं नेहमीचाच. त्यानं एक गाडी बाहेर काढली, मला हेल्मेट घातलं, चष्मा लावला आणि सावकाश समजावून सांगितलं. वारा ज्या बाजूनं येतो तो उतार घट्ट, तिथून चढायचं. मागचा उतार भुसभुशीत, तिकडं जायचं नाही. गेलीसच तर ब्रेक दाबायचा नाही आणि वेग सोडायचा नाही. आप्पा बाजूला उभे राहून ऐकत होते.

"पलीकडच्या त्या फिक्या पट्ट्यात तर जाऊच नगंस," भाऊ म्हणाला. "तिथं रुतशील."

मी पंचवीस वर्षं स्कूटी चालवते. उंब्रजचा हायवेवरचा चौक ज्यानं रोज ओलांडलाय त्याला वाळूचं काय भय, अशा तोऱ्यात मी निघाले. आणि खरं सांगते, पहिल्या दोन टेकड्या मी उडत गेले. हातात ती गाडी थरथरत होती, तोंडावर वारा, पुढं कुणाचं चाक न उमटलेली जमीन. रस्ता नाही म्हणजे चुकायचीही सोय नाही. बावन्न वर्षांच्या वयात मी एकटीच मोठ्यानं ओरडत होते आणि ऐकायला कुणी नव्हतं. एवढी मोकळी मी कधी झाले नव्हते.

मग पट्टा आला आणि मी गेले. मला तो फिका दिसलाच नाही, सगळी वाळू सारखीच दिसत होती. गाडी बुडायला लागली तशी मी ब्रेक दाबला. पुढची दोन्ही चाकं निम्मी आत गेली आणि मी हँडलवर पालथी पडले.

भाऊ आणि आप्पा चालत आले. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं चाकांपुढची वाळू हातानं ओढली, गाडी डावीउजवीकडं हलवून सैल केली, मागं थोडी घेतली आणि पुढं न नेता आडवी वळवून, त्याला दिसणाऱ्या कुठल्याशा वाटेनं वर काढली. सगळं मिळून पाच मिनिटं. मी कपडे झाडत होते. आप्पा त्या फिक्या पट्ट्यापाशी उभे होते. त्यांनी त्यात पाय घातला, तो घोट्याच्या वरपर्यंत गेला. मग दोन हात बाजूला पाय ठेवला, तिथं तो जेमतेम रुतला. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. ते करत असताना त्यांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं.

"हे तुला लांबनं कळतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"कशावरनं?"

"रंगावरनं. आन वारा कसा हुता त्यावरनं. रोज बदलतं. सकाळी यिऊन बघून जातो, मग दुपारी माणसं आणतो."

आप्पांनी खाली वाकून तिथली मूठभर वाळू घेतली, मग इथली घेतली, आणि दोन्ही मुठी उघडून शेजारी शेजारी धरल्या. मला दोन्हींत काही फरक दिसत नव्हता. त्यांना दिसला की नाही, देव जाणे. बराच वेळ बघून त्यांनी हात झटकले आणि गाडीपाशी जाऊन धोतर सावरत हँडल धरून बसले.

"ये मागं," ते भावाला म्हणाले.

आप्पा अजून गावात फटफटीवरून दूध घालतात, त्यामुळं चालवायची मला काळजी नव्हती. पण आप्पांना कुणी सांगितलेलं चालत नाही. बैल असो, पंप असो, ट्रॅक्टरवाला असो, ते स्वतःच्याच मनानं करतात, आणि भाऊ तर त्यांच्या रानात नांगर धरून नुसत्या शिव्या खाऊन गेलेला. भाऊ मागं बसला. आप्पांनी गाडी सुरू केली, आणि तिथंच थांबून राहिले. मला वाटलं, बंद पडली.

"कुटनं घालू?" आप्पांनी मान मागं वळवून विचारलं.

मी भावाचा चेहरा बघितला. त्याच्या उन्हाच्या चष्म्यामागं डोळे दिसत नव्हते. त्यानं आप्पांच्या खांद्यावरून पुढं वाकून बघितलं. मग म्हणाला, "डावीकडनं घ्या आप्पा. आता सरळ. आता वेग सोडू नगा." आप्पांनी डावीकडनं घेतलं, सरळ घेतलं, वेग सोडला नाही. तो सांगेल तसं, तो सांगेल तिथं. ते दोघं माथ्यावर चढून पलीकडं दिसेनासे झाले, मग पुढच्या माथ्यावर बारीक दिसले. सूर्य कलला होता आणि सगळी वाळू केशरी झाली होती. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि त्यातलं वाळूचं किती आणि त्या दोघांचं किती, मला वेगळं सांगता येत नाही.

परत डांबरीवर आलो तेव्हा भावानं चाकांत हवा भरली. आप्पा पुढच्या सीटवर बसून पायाची वाळू झाडत होते. भाऊ येऊन बसला, त्यानं चावी फिरवली.

"उद्या कामावर कितीला जायाचं?" आप्पांनी विचारलं.

गाडी सुरू होऊन तशीच उभी राहिली. भाऊ समोर रस्त्याकडं बघत होता. मागून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला गिअर टाकायचं आठवलं.

"सकाळी सातला," तो म्हणाला.